चालू स्थितीतला जुना एसी काढून नवीन घ्यावा का? बिल खरंच निम्मं होतं का?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

घरात एकच एसी आहे. दीड टनाचा स्प्लिट, पंधरा वर्षं जुना, बाबांच्या खोलीत. त्यांना दमा आहे आणि उकाड्यात त्यांची झोप पूर्ण मोडते. त्यामुळे उन्हाळाभर रात्री दहा ते सकाळी सहा तो चालतोच, आणि दुपारीही थोडा वेळ. "एसी कमी लावा" हा सल्ला मला उपयोगाचा नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यांची झोप मला बिलापेक्षा जास्त महत्त्वाची आहे. पण तीच झोप कमी युनिटमध्ये मिळत असेल, तर ते पैसे त्यांच्या औषधांना लागतील.

खोली बारा बाय चौदा फूट, सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. पश्चिमेला भिंत आणि मोठी खिडकी. बिलावर थंडीत महिन्याला १४० युनिटच्या आसपास येतात, उन्हाळ्यात ५०० च्या पुढे जातात. आमच्याकडे युनिटचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे वरची युनिटं सर्वांत महाग पडतात.

मेकॅनिक दर उन्हाळ्याच्या तोंडावर येऊन गॅस भरून जातो. "जुन्या मशीनला गॅस लागतोच" असं त्याचं म्हणणं. कॉम्प्रेसर थकलाय पण अजून दोन-तीन वर्षं ओढेल, असंही तो म्हणतो. दुकानातला विक्रेता म्हणतो इन्व्हर्टर एसी घ्या, बिल निम्मं होईल, आणि वरचा मजला असल्यामुळे दोन टनाचा घ्या. दोघांचंही म्हणणं ज्याच्या त्याच्या धंद्याच्या सोयीचं वाटतं.

निम्मं खरंच होतं का? किती टन घ्यावा? आणि भिंतीतून गेलेल्या जुन्या तांब्याच्या नळ्या नवीन मशीनला चालतात का? ज्यांनी स्वतः बदललाय किंवा या कामातली माहिती आहे, त्यांनी कृपया सांगा.

---

जुनामेकॅनिक

ताई, उभी हयात एसी आणि फ्रिजच्या कामात गेली. आता हातात पाना नाही, पण विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

घ्यायचा की नाही हे ठरवायच्या आधी तुमचा सध्याचा एसी रात्री किती युनिट खातो ते मोजा. अंदाजावर जाऊ नका. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२०० इम्प्/केडब्ल्यूएच, म्हणजे ३२०० लुकलुकींना एक युनिट. घरातलं बाकी सगळं पाच मिनिटं बंद करा, फ्रिजसुद्धा. कॉम्प्रेसर चालू आहे याची खात्री करा आणि एका मिनिटातल्या लुकलुकी मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ९६ आल्या तर एसी १.८ किलोवॉट ओढतोय. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर लुकलुकी गुणिले ६० भागिले तो आकडा, की किलोवॉट मिळाले.

एवढ्याने भागत नाही, कारण कॉम्प्रेसर रात्रभर सलग चालत नाही. म्हणून रात्री दहाला आणि सकाळी सहाला मीटरचं रीडिंगही लिहा. फ्रिज-पंख्यांचा वाटा वजा करायला, एसी नसलेल्या वेळेत तेवढ्याच तासांचं रीडिंग घ्या. आणि कॉम्प्रेसर किती वाजेपर्यंत कटच होत नाही, तेही बघा. त्यावरून खोलीत किती उष्णता येते ते कळेल.

आता गॅसचं. तुमचा मेकॅनिक म्हणतो ते चूक आहे आणि हे ठामपणे सांगतो. एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा संपत नाही. ती बंद नळी आहे, तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. दरवर्षी कमी होतोय म्हणजे कुठेतरी गळतोय. बहुतेक वेळा फ्लेअर नटपाशी, म्हणजे नळीचं पसरवलेलं टोक जिथे नटाने मशीनला आवळतात तिथे, नाहीतर इनडोअरच्या कॉइलला बारीक भोक. गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे दरवर्षी तेच काम पुन्हा विकत घेणं. शिवाय गॅस कमी झाला की थंडावा घटतो, मग कॉम्प्रेसर कटच होत नाही आणि रात्रभर मीटर पळत राहतं. तुमच्या बिलातला काही भाग या गळतीचा आहे.

पंधरा वर्षांचा म्हणजे बहुधा आर-२२ गॅसचा असणार. आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, बघून कळवा.

---

शून्यप्रहर

माझा अनुभव उलट बाजूचा आहे, तोही विचारात घ्या. माझाही एसी जुनाच, पण मी तो उन्हाळ्यातल्या अगदी वाईट दुपारी तास-दीड तास लावतो. मोजलं तेव्हा महिन्याला ४० युनिटसुद्धा एसीची नव्हती. नवीन मशीनने त्यातली निम्मी वाचली तरी वीस युनिट. नव्या एसीची किंमत त्यातून कधीच निघणार नाही, म्हणून मी फिल्टर आणि कॉइल धुऊन तोच चालवतोय.

म्हणजे प्रश्न एसीच्या वयापेक्षा तासांचा जास्त आहे. तुमचे तास बघता तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं येईल असं वाटतं, पण जुनामेकॅनिक म्हणतात तसं मोजूनच ठरवा.

---

ओसरी

मोजलं. काकांनी सांगितलं तसंच सगळं.

मीटर ३२०० चंच आहे. कॉम्प्रेसर चालू असताना मिनिटाला ९८ लुकलुकी. रात्री दहा ते सकाळी सहा एकूण १३ युनिट. एसीशिवाय तेवढ्याच वेळात २. म्हणजे एसीची रात्रीची ११ युनिट. रात्री दोनपर्यंत कॉम्प्रेसर एकदाही कट झाला नाही, त्यानंतर थांबत थांबत चालला. २४ वर लावलेला होता, गॅस नुकताच भरलेला आहे आणि फिल्टर स्वच्छ आहे.

पाटीवर आर-२२ च आहे. पॉवर इनपुट १८५० वॉट लिहिलंय.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला कळलं की बिलातली नेमकी किती युनिटं या एका यंत्राची आहेत. आता पुढे काय?

---

जुनामेकॅनिक

छान मोजलंत. आता हिशोब करता येतो.

आधी टन म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे विक्रेत्याशी बोलताना उपयोग होईल. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता उचलण्याची ताकद म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत साधारण ३.५ किलोवॉट. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॉट उष्णता. तुमचं मशीन नवीन होतं तेव्हा १८५० वॉट घेऊन ती उचलत होतं. म्हणजे विजेच्या एका भागात उष्णतेचे २.८ भाग. आता कॉइलचे पत्रे वाकलेले, कॉम्प्रेसर झिजलेला, तेव्हा वीज तेवढीच घेऊन काम कमी होतंय. मी २.३ च्या वर धरणार नाही. चांगल्या इन्व्हर्टर एसीचा हंगामी सरासरीचा आकडा साडेचार ते पाचच्या घरात असतो. त्या हिशोबाने तुमच्या ११ च्या जागी साडेपाच-सहा युनिट यावीत. दुपारचं धरून महिन्याला १६० ते १८० युनिट वाचतील.

म्हणजे विक्रेता म्हणतो ते अर्धं बरोबर. निम्मा होतो तो एसीचा वाटा. घराची बाकीची १४० युनिटं जागच्या जागी राहतात, त्यामुळे ५३० चे साधारण ३५० होतील. पण तुमच्याकडे दर टप्प्याने चढतो, आणि वाचणारी युनिटं सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यातली आहेत. तेव्हा युनिट जितक्या टक्क्यांनी घटतात त्यापेक्षा बिल जास्त उतरेल. बिलावरचा शेवटच्या टप्प्याचा दर, त्यावरचे कर धरून, गुणिले १७०, गुणिले तुमच्याकडचे एसीचे महिने. ही वर्षाची बचत. नव्या एसीच्या किमतीत बसवण्याचा आणि नळ्यांचा खर्च मिळवून त्याला या बचतीने भागा. त्या बचतीत दरवर्षीच्या गॅसचे पैसे मिळवायला विसरू नका.

इन्व्हर्टरने वीज का वाचते याबद्दल बरेच गैरसमज आहेत. लोक म्हणतात कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होत नाही, सुरू होतानाचा झटका वाचतो. तो झटका क्षणाचा असतो, त्यात युनिटं फारशी जात नाहीत. खरं कारण वेगळं आहे. खोली थंड झाली की आत येणारी उष्णता उचलायला निम्मी ताकदही पुरते. जुना कॉम्प्रेसर एकाच वेगाने धावतो, एकतर पूर्ण नाहीतर बंद. इन्व्हर्टर वेग कमी करतो. वेग कमी झाला की थोड्या गॅसच्या वाट्याला तीच मोठी कॉइल येते. मग बाहेरची कॉइल फार तापत नाही, आतली फार गारठत नाही, दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक कमी राहतो आणि कॉम्प्रेसरला चढ कमी चढावा लागतो. म्हणून तेवढीच उष्णता कमी विजेत उचलली जाते. रात्रभर सलग चालणाऱ्या खोलीत याचा पुरेपूर फायदा मिळतो. अर्धा तास लावून बंद करणाऱ्याला मिळत नाही, कारण तो अर्धा तास इन्व्हर्टरही पूर्ण वेगानेच धावत असतो.

दोन टन घेऊ नका. तुमचा थकलेला दीड टनही रात्री दोननंतर कट होतोय, म्हणजे नवा दीड टन पुरून उरेल. इन्व्हर्टरलाही एक किमान वेग असतो, त्याखाली तोही चालू-बंद व्हायला लागतो. गरजेपेक्षा मोठं मशीन हवा पटकन गार करून थांबतं, पण ओल काढायला त्याला वेळ मिळत नाही. खोली गार आणि दमट राहते. दम्याच्या माणसाच्या खोलीत ओल, बुरशी नकोच.

घेताना नुसते तारे मोजू नका. लेबलचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या वर्षाचे पाच तारे आणि नवे पाच तारे एक नसतात. लेबलवर लिहिलेला हंगामी कार्यक्षमतेचा आकडा आणि किलोवॉटमधली खरी क्षमता बघा. "दीड टन" लिहिलेल्या सगळ्या मशीनची क्षमता सारखी नसते.

---

कडुनिंब

ओसरी, एक गोष्ट मध्येच घालतो, कारण तुमची खोली आणि माझी खोली जवळजवळ सारखी आहे. वरचा मजला, पश्चिमेची खिडकी.

रात्री दोनपर्यंत कॉम्प्रेसर कट होत नाही याचा अर्थ, दिवसभर तापलेलं छत आणि भिंत रात्री आत उष्णता सोडत असतात. हवा केव्हाच गार झालेली असते, काँक्रीट झालेलं नसतं. एसी कितीही चांगला घेतला तरी ती उष्णता त्याला उचलावीच लागणार. मी गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा लेप दिला आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली केली. बाहेरून, हे महत्त्वाचं. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन काच ओलांडून आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेर अडवलं तर काचेपर्यंत येतच नाही.

एसी तोच होता, पण त्याच उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बराच लवकर कट व्हायला लागला. छताला हात लावून बघितलं तरी फरक समजायचा. लेप धुळीने मळतो, अधूनमधून धुवावा लागतो, एवढं लक्षात असू द्या. पैसे कमी असतील तर आधी हे करा, एसी नंतर. पैसे असतील तर दोन्ही करा, पण क्रम हाच ठेवा. सावली झाल्यावर कदाचित सव्वा टनही पुरेल.

---

जुनामेकॅनिक

कडुनिंब यांच्याशी शंभर टक्के सहमत. आत न आलेली उष्णता उचलावी लागत नाही. फक्त सव्वा टनाबद्दल घाई नको. लेप लावून झाल्यावर पुन्हा रात्रीचं रीडिंग घ्या. रात्री अकरा-साडेअकराला कॉम्प्रेसर कट व्हायला लागला तर सव्वाचा विचार करा, नाहीतर दीडच.

आता नळ्यांचा प्रश्न राहिला होता, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. चांगलं मशीन वाईट बसवल्यामुळे वाया गेलेलं मी फार पाहिलंय.

जुन्या नळ्या वापरू नका. आर-२२ च्या कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल असतं, ते नळ्यांच्या आत चिकटून राहतं. नव्या मशीनमध्ये बहुधा आर-३२ गॅस असतो, त्या मशीनचं तेल वेगळ्या जातीचं असतं आणि त्याला ते मिसळलेलं चालत नाही. शिवाय आर-३२ चा दाब आर-२२ च्या साधारण दीडपटीहून जास्त. पंधरा वर्षांची नळी, जुना फ्लेअर, त्यावर एवढा दाब, म्हणजे पुन्हा गळती. भिंत फोडायची नसेल तर बाहेरून नवीन नळी काढा, पण दोन्ही नळ्यांवर वेगवेगळं इन्सुलेशन चढवलेलं असू द्या. नळीचा मार्ग जितका छोटा आणि सरळ तितकं बरं.

बसवायला येणाऱ्याकडे व्हॅक्यूम पंप आहे का, हे आधीच फोनवर विचारा. नसेल तर दुसरा माणूस बोलवा. नळीत हवा आणि ओल राहिली तर मशीन पहिल्या दिवसापासून जास्त वीज खातं आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. काहीजण मशीनमधलाच थोडा गॅस सोडून नळीतली हवा बाहेर ढकलतात आणि दहा मिनिटांत काम संपवतात. तसं करू देऊ नका. आर-३२ थोडासा ज्वलनशील असतो, तो घरात सोडायची वस्तू नाही. पंप लावून निर्वात करायची, पंप बंद करून गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, वर चढतोय का ते थांबून बघायचं. चढला तर गळती आहे. स्थिर राहिला तरच व्हॉल्व्ह उघडायचा.

आउटडोअर कुठे बसतंय तेही बघा. डब्यावरचे आकडे बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेले असतात. तापलेल्या पश्चिम भिंतीवर, लोखंडी पिंजऱ्यात कोंबून बसवलं, की ते स्वतःचीच गरम हवा ओढत बसतं आणि तो आकडा कागदावरच राहतो. उत्तरेची बाजू मिळाली तर सोनं. नाहीतर वरून छोटं छप्पर, पण पंख्यासमोर काही नको.

आणि बाबांसाठी, २४ च्या जागी २६ वर लावून पंखा अगदी हळू ठेवून बघा. एका अंशामागे साधारण पाच-सहा टक्के वीज वाचते. पण त्यांना सोसलं तरच. नाही सोसलं तर २४ च ठेवा, त्यात काही वाईट नाही.

---

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांना तुमची उत्तरं वाचून दाखवली. "२६ आणि पंखा" त्यांनी स्वतःच लावून बघितलं. पहाटे पांघरूण मागितलं, म्हणजे चालतंय.

ठरलंय असं. या आठवड्यात गच्चीचा लेप आणि खिडकीला बाहेरून सावली. मग पुन्हा मोजेन आणि त्यावरून दीड की सव्वा ते ठरवेन. नळ्या नवीनच. व्हॅक्यूम पंपाबद्दल दोघांना फोन केले, एकजण म्हणाला "त्याची गरज नसते", दुसऱ्याने स्वतःहून गेज दाखवतो म्हणून सांगितलं. दुसऱ्याला बोलावणार.

एकच शंका उरली. विक्रेता जुना एसी बदल्यात घेतो म्हणतो, पण फारच थोडी किंमत देतोय. घरचे म्हणतात त्यापेक्षा तो बैठकीच्या खोलीत लावू, चालू तर आहे. काय करावं?

---

जुनामेकॅनिक

बैठकीत लावू नका, ताई. तिथे तो लागला की चालणारच, आणि जेवढी युनिटं बाबांच्या खोलीत वाचतील तेवढी तिथे जातील. शिवाय गळका आहे.

द्यायचा झाला तरी नीट उतरवून द्या. आर-२२ ओझोनचा थर विरळ करणारा गॅस आहे. १९८७ च्या माँट्रियल कराराखाली जगभर त्याचं उत्पादन बंद होत आलंय. विकसित देशांत ते २०२० ला थांबलं, बाकीच्यांसाठी २०३० ची मुदत आहे. म्हणून पुढे तो मिळणं आणखी अवघड आणि महाग होत जाणार. तापमानवाढीच्या हिशोबात त्याचा एक किलो म्हणजे सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइड. नट सैल करून फुस्स करून सोडून देतात, ते करू देऊ नका.

उतरवायच्या आधी मशीन चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा झाला की जाड नळीचा बंद करायचा आणि लगेच मशीन थांबवायचं. मग नळ्या सोडवायच्या. आम्ही याला पंप डाउन म्हणतो. कॉम्प्रेसर चालू असेपर्यंतच हे जमतं, म्हणून जुना एसी पूर्ण बंद पडायची वाट बघू नका. पुढे तो गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणाऱ्याकडेच मशीन द्या, दोन पैसे कमी मिळाले तरी.

लेप लावल्यानंतरचं रीडिंग इथे टाका. नवीन बसल्यावरही एका रात्रीचं टाका. सात युनिटच्या वर आलं तर आउटडोअरचा फोटो जोडा, मग बघू काय अडतंय.